गाडी घाटात का बंद पडते?

(सेवाकार्याला हातभार लावणाऱ्या मंडळ्यांच्या मेळाव्यात, गाड्यांची देखभाल पाहणाऱ्या सेवकाने केलेलं भाषण)



मागच्या तिमाहीत या वार्तापत्रात आपल्या रुग्णगाडीसाठी प्रार्थनाविनंती छापून आली होती. गाडी घाटात वारंवार बंद पडते, इंजिनाचा डिझेल पंप गेला असावा, खर्च मोठा आहे, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हापासून बऱ्याच मंडळ्यांनी विचारलं, पंपासाठी खास अर्पण कधी घ्यायचं? काहींनी तर रविवारही ठरवून टाकला. म्हणून आधी उत्तर सांगतो. पंपासाठी एक रुपयाही पाठवू नका. पंप चांगला आहे. गाडी दुरुस्त झाली आहे आणि तिला जो खर्च आला तो खजिनदारसाहेबांना पावतीच्या फायलीत शोधावा लागेल, इतका लहान आहे.

हे कसं घडलं ते मी आज जरा सविस्तर सांगणार आहे. आपल्यातल्या कित्येकांच्या मंडळीची गाडी आहे, शाळेची व्हॅन आहे, घरचा ट्रॅक्टर आहे. आणि आपण देता तो पैसा कष्टाचा आहे. तो न मोडलेल्या वस्तूवर खर्च होऊ नये, हे पाहणंसुद्धा सेवेचाच भाग आहे.

आपली गाडी कुठे चालते ते नव्या मंडळींसाठी सांगतो. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि त्याच्या पलीकडे नर्मदा. धडगाव आणि मोलगी भागातले पाडे डोंगराच्या सोंडांवर एकेकटे वसलेले आहेत. तिथून खाली यायचं तर चांदसैलीचा घाट आहे, नाहीतर देवगोईचा. १०८ला फोन करायचा तर मोबाइलला रेंज हवी. जिथे रेंज नाही तिथून निरोप माणसाच्या पायांनी येतो, आणि रोगी बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत येतो. तिथून पुढचं काम गाडीचं. गाडीत कोण असतं? अडलेली बाळंतीण असते. साप चावलेला शेतकरी असतो. सिकलसेलच्या वेदनांनी कळवळणारं लेकरू असतं. अशा वेळी घाटात इंजिन बंद पडलं की गाडीतले सगळे एकदम गप्प होतात. ती शांतता आमच्या ड्रायव्हरांना चांगली ठाऊक आहे.

आता इंजिनाकडे येतो. भगिनींनी घाबरून जाऊ नये, सगळं स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने समजेल.

डिझेल इंजिनाला दोन गोष्टी लागतात, हवा आणि डिझेल. डिझेल नुसतं पोचून चालत नाही, ते दाबाने पोचावं लागतं. तुमच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो. बार हे दाबाचं माप. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतो. आणि हल्लीच्या कॉमन रेल डिझेल गाडीत इंजेक्टरला डिझेल देणारी जी जाड नळी असते, जिला रेल म्हणतात, तिच्यात इंजिन नुसतं चालू असताना साधारण २५० ते ३५० बार, आणि भरल्या गाडीने चढ चढताना १००० बारच्याही पुढे दाब असतो. कित्येक गाड्यांत तो १६०० बारपर्यंत जातो. एवढ्या दाबामुळेच डिझेलचं धुकं होतं आणि ते पुरतं जळतं.

हा मोठा दाब तयार करणारा पंप महाग असतो. पण लक्षात घ्या, त्या पंपापर्यंत डिझेल येतं ते मात्र अगदी साध्या रीतीने. काही गाड्यांत टाकीतच एक छोटा विजेचा पंप असतो, तो डिझेल पुढे ढकलतो. आपल्या गाडीत तो नाही. आपल्या गाडीत मोठ्या पंपाच्या पोटातच एक लहान पंप आहे, तो टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे विहिरीवरची मोटार पाणी ओढते तसंच. टाकी ही विहीर, टाकीतली जाळी म्हणजे फूटव्हॉल्व्हची जाळी, मग पाइप, मग फिल्टर, मग पंप.

विहिरीवरची मोटार पाणी सोडते तेव्हा शेतकरी काय करतो? मोटार खोलतो का? नाही. आधी बघतो की सक्शन पाइप कुठे हवा धरतोय, जाळीत पाला अडकलाय का, पाणी खाली गेलंय का. मोटार बरी असते, तिला पाणीच मिळत नसतं. गाडीचंही नेमकं असंच असतं. पुढचा दाब पडला याचा अर्थ पुढचा पंप गेला असा होत नाही. मागून पुरवठा कमी पडला, तरी दाब पडतोच.

आपल्या गाडीचं दुखणं असं होतं. सपाट रस्त्यावर ठीक चालायची. चढ लागला की पिकअप कमी व्हायचा, धक्के मारायची, समोरचा इंजिनाचा दिवा लागायचा आणि गुदमरून बंद पडायची. दहा-पंधरा मिनिटं थांबून, फिल्टरवरचा हँड पंप दाबून सेल्फ मारला की पुन्हा चालू. एकदा रात्री चांदसैलीच्या घाटात असं तीनदा झालं. गाडीत बाळंतीण होती, बरोबर तिची सासू आणि दाई. ड्रायव्हरदादांनी तीनही वेळा बॅटरीच्या उजेडात हँड पंप मारून गाडी चालू केली आणि तिला दवाखान्यात पोचवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, देवाची स्तुती असो. पण त्या रात्रीनंतर कमिटीने ठरवलं की काय लागेल तो खर्च करायचा, गाडी नीट करायची.

गाडी शहरातल्या गॅरेजला नेली. तिथे स्कॅनर लावला. स्कॅनरवर कोड आला, पी-००८७. त्याचा अर्थ एवढाच की रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. गॅरेजवाल्यांनी फिल्टर बदलला. तरी गाडी घाटात थांबलीच. मग त्यांनी सांगितलं, फिल्टर नवा आहे, म्हणजे आता पंप आणि इंजेक्टरच उरले. अंदाजपत्रक लाखाच्या घरात गेलं. तेच आपण प्रार्थनाविनंतीत वाचलं.

त्या माणसांच्या हेतूविषयी मला काही बोलायचं नाही. पण कोडविषयी बोलायचं आहे. आपल्या भागात पावसाळ्यात घरोघरी ताप असतो. थर्मामीटर लावला, १०३ ताप निघाला. आता थर्मामीटरने सांगितलं का, की मलेरिया आहे की टायफॉईड? नाही. त्याने एवढंच सांगितलं की ताप आहे. रोग कुठला, ते रक्त तपासल्यावर कळतं. सिस्टर सुई टोचून काचपट्टी करतात ती उगीच नाही. पी-००८७ हा कोड म्हणजे थर्मामीटर आहे. त्यावरून पंप बदलणं म्हणजे ताप पाहून ऑपरेशनला घेणं.

म्हणून कमिटीची परवानगी घेऊन गाडी आठ दिवस केंद्रावर ठेवली आणि क्रमाने तपासणी केली. क्रम महत्त्वाचा आहे. जे फुकट आहे ते आधी, जे स्वस्त आहे ते मग, आणि जे महाग आहे ते सगळ्यात शेवटी.

पहिली तपासणी वहीची. ड्रायव्हरदादांकडून चार प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली. गाडी कुठे बंद पडते, चढावर की सपाटीला? तेव्हा टाकीत डिझेल किती असतं? कशी बंद पडते, दिव्याचं बटण दाबल्यासारखी झटक्यात, की गुदमरत गुदमरत? आणि पुन्हा चालू कशी होते? या चार प्रश्नांनी अर्धं काम होतं. झटक्यात बंद पडणारी गाडी बहुधा विजेच्या बाजूची असते, एखादा सेन्सर, रिले, सैल वायर. गुदमरत बंद पडणारी बहुधा डिझेलच्या बाजूची. आपली गुदमरत होती. आणि वहीत दुसरी गोष्ट स्पष्ट दिसली, ती फक्त चढावर आणि टाकी पावभर किंवा त्याहून कमी असतानाच थांबत होती. टाकी भरलेली असताना त्याच घाटात एकदाही थांबलेली नाही. आता मला सांगा, पंप झिजला असता तर त्याला टाकीत डिझेल किती आहे याच्याशी काय देणंघेणं? वहीनेच बोट मागच्या बाजूकडे दाखवलं.

दुसरी तपासणी टाकीच्या झाकणाची. डिझेल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत यावी लागते. त्यासाठीची वाट चिखलाने बुजली तर टाकीतच ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल ओढेना होतं. गाडी थांबली की लगेच झाकण उघडायचं. सूं असा आवाज होऊन हवा आत गेली तर रोग सापडला. आपल्या गाडीत आवाज झाला नाही. ही वाट मोकळी होती.

तिसरी तपासणी फिल्टरच्या तळाची. फिल्टरखाली पाणी सोडायचा एक स्क्रू असतो. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे पाणी तळाला बसतं. काचेच्या बरणीत थोडं काढून उजेडात धरायचं. आपल्या बरणीत खाली पाण्याचा थर निघाला, आणि पाणी-डिझेलच्या मधोमध काळपट, बुळबुळीत तंतू. डिझेलमध्ये पाणी साचून राहिलं की त्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचीच ही बुरशी. फिल्टर नवा होता, तरी हे निघालं. याचा अर्थ घाण टाकीतून अजून येत होती.

चौथी तपासणी मापाची. ही खरी. पंपाच्या अलीकडच्या पाइपमध्ये ओढ मोजणारा गेज लावला आणि एक हातभर पारदर्शक नळी जोडली. ओढ मोजणारा गेज म्हणजे व्हॅक्यूम गेज, पंपाला डिझेल ओढायला किती जोर लावावा लागतो ते तो दाखवतो. आधी गेज फिल्टरच्या पुढे लावला, मग फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला. का? फिल्टर तुंबला असेल तर फक्त पुढच्या गेजवर ओढ जास्त दिसेल. दोन्ही ठिकाणी जास्त दिसली तर अडथळा फिल्टरच्याही मागे, टाकीकडे आहे. सपाटीला सुई ०.१ बारच्या आसपास होती. केंद्राजवळच्या चढावर, टाकी कमी ठेवून, गाडीत माणसं बसवून गेलो, तर सुई ०.४च्या पुढे गेली, आणि तीही फिल्टरच्या मागे. म्हणजे फिल्टर निर्दोष, अडथळा टाकीकडे. आणि पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले. सोडा वॉटरसारखे, सारखे धावत होते.

बुडबुडे म्हणजे कुठेतरी हवा आत येते आहे. इथे एक गोष्ट सगळ्या ड्रायव्हरांनी पदरी बांधून ठेवावी. ओढणाऱ्या पाइपला चीर पडली तर चालत्या गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. पाइप वरून कोरडा दिसतो आणि बघणारा म्हणतो, लिकेज नाही. म्हणून डोळ्यांना लिकेज दिसत नाही, ते नळीतल्या बुडबुड्यातच दिसतं. अशी गाडी सकाळी चालू व्हायला पुष्कळ सेल्फ खाते, कारण रात्रभरात पाइपमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं.

पाचवी तपासणी कॅनची. टाकी आणि तिचा पाइप बाजूला ठेवला. स्वच्छ डिझेलचा एक कॅन गाडीला पक्का बांधला आणि नव्या आखूड नळीने फिल्टरला थेट डिझेल दिलं. तोच चढ, तीच माणसं. गाडी एकदाही अडखळली नाही. वर-खाली सहा फेऱ्या मारल्या. पंप तोच, इंजेक्टर तेच, फक्त डिझेल येण्याची वाट बदलली. पंप निर्दोष असल्याची याहून चांगली साक्ष कुठली? ही तपासणी फक्त डिझेल गाडीची आहे. पेट्रोलच्या गाडीवर कोणीही हा प्रयोग करू नये, आग लागेल.

सहावी तपासणी स्कॅनरची, पण या वेळी कोड वाचायला नाही, आकडे वाचायला. स्कॅनर दोन आकडे शेजारी शेजारी दाखवतो, संगणकाला किती दाब हवा आहे आणि प्रत्यक्षात किती आहे. जुन्या पाइपवर चढात मागणी ११०० बारची होती आणि प्रत्यक्ष दाब घसरत घसरत ४००वर येऊन इंजिन बंद पडलं. कॅनवर मागणी ११००, प्रत्यक्षही ११००च्या आगेमागे. हे दोन आकडे मी खजिनदारसाहेबांना स्वतः गाडीत बसवून दाखवले. त्यांनी तिथल्या तिथे अंदाजपत्रकाची घडी करून खिशात घातली.

शेवटी इंजेक्टरही पाहून घेतले. इंजेक्टर झिजला की दाबाचं डिझेल न फवारता परतीच्या नळीने टाकीकडे सोडून देतो. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालवलं. चारही बाटल्या जवळजवळ सारख्या भरल्या. एखादी इतरांच्या पुढे पळाली असती, तर तो इंजेक्टर दोषी ठरला असता.

मग टाकी उतरवली. आतली जाळी त्या काळ्या बुरशीने जवळजवळ लिंपून गेली होती. आणि टाकीवरच्या पत्र्याच्या नळीला जो रबरी होस जोडतो, त्याला क्लॅम्पच्या अगदी खाली, वरून दिसणार नाही अशा जागी चीर होती. आता सगळा हिशेब जुळतो. जाळी तुंबलेली, म्हणून पंपाला जोराने ओढावं लागतं. चढावर डिझेल जास्त लागतं, आणि इंजिन टाकीपेक्षा आणखी उंच जातं, म्हणून ओढ आणखी वाढते. टाकी कमी असली की डिझेल आणखी खालून उचलावं लागतं. ओढ एका मर्यादेपलीकडे गेली की चिरेतून हवा येऊ लागते आणि पंपाला डिझेलऐवजी फेस मिळतो. हवा दाबली की आक्रसते, तिचा १००० बार दाब होत नाही. थांबल्यावर हँड पंपाने हवा निघून जाते, म्हणून गाडी पुन्हा चालू होते. शिवाय ही सगळी ओढ बाहेरच्या हवेच्या दाबावर चालते, आणि तोरणमाळसारख्या ११०० मीटरहून उंच ठिकाणी तो दाबही आठवा हिस्सा कमी होतो. डोंगरात गाडी नडते आणि शहरातल्या गॅरेजच्या फाटकात शहाण्यासारखी चालते, ते याचमुळे.

टाकी धुतली, जाळी साफ केली, होस आणि दोन क्लॅम्प नवे टाकले, फिल्टर पुन्हा बदलला, एअर काढली. त्यानंतर ड्रायव्हरदादांनी मुद्दाम टाकी पावाच्या खाली ठेवून, माणसं भरून, चांदसैली आणि देवगोई दोन्ही घाट चढून दाखवले आहेत. वहीत त्या दिवसांच्या नोंदी आहेत. गाडी थांबल्याची नोंद एकही नाही.

आपल्या वसतिगृहाची छोटी व्हॅन पेट्रोलची आहे, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गाड्याही पेट्रोलच्या असतील. म्हणून तिच्याविषयी थोडं. तिच्या टाकीत विजेचा पंप असतो. चावी फिरवली की, सेल्फ मारण्याआधी, मागून दोनेक सेकंद बारीक गूंऽ असा आवाज येतो. आला नाही तर आधी फ्यूज, रिले आणि वायर पाहा, मग पंप. पेट्रोलच्या रेलमध्ये बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार दाब असतो. मेकॅनिकला गेज लावून तो दाखवायला सांगा, आणि इंजिन बंद केल्यावर सुई तिथेच राहते की लगेच खाली येते तेही पाहायला सांगा. आणि सारखी तळाला गेलेल्या टाकीवर गाडी चालवू नका. तो पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

एक सूचना फार महत्त्वाची आहे, ती तरुणांनी नीट ऐकावी. मी सांगितलेली मापं पंपाच्या मागची, कमी दाबाची आहेत. पंपाच्या पुढच्या लोखंडी नळ्यांना इंजिन चालू असताना कधीही पाना लावायचा नाही. तिथली बारीक धारसुद्धा कातडीत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमवायची वेळ येते. कोणाला असं झालं तर हळद लावून घरी थांबू नका, त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि दाबाचं डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा. लिकेज शोधताना हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा.

आता हे पाणी डिझेलमध्ये येतं कुठून, ते समजून घेऊ, कारण पावसाळा तोंडावर आहे. उघड्यावर उभा ठेवलेला ड्रम दिवसा तापतो, रात्री गार होतो. गार होताना आतली हवा आक्रसते आणि झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी बुचाच्या फटीतून आत ओढलं जातं. बूच कितीही घट्ट वाटलं तरी. म्हणून ड्रम छपराखाली ठेवायचा. ते जमत नसेल तर आडवा ठेवायचा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असा. ड्रम हलवल्यावर एक दिवस स्थिर राहू द्यायचा, आणि डिझेल काढताना तळाचं चार बोटं तसंच सोडायचं. अर्धी टाकीही दमट हवा धरून ठेवते आणि थंडीत तिचं पाणी होतं. म्हणून गाडी संध्याकाळी केंद्रावर परतली की टाकी भरून उभी करायची. पंपावर टँकर खाली होत असेल तर त्या वेळी डिझेल भरायचं नाही, तळाचा गाळ ढवळलेला असतो. आणि आठवड्यातून एकदा बरणीची तपासणी. हे सगळे नियम आता गाडीच्या दारावर मराठीत लिहून लावले आहेत.

दहा कुमारींचा दाखला आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. दिवे सगळ्यांजवळ होते, पण तेलाची काळजी सगळ्यांनी घेतली नव्हती. आपल्या गाडीची गोष्ट त्याहून जरा पुढची आहे. तेल टाकीत होतं, पण ज्योतीपर्यंत पोचत नव्हतं. देवाचं काम करणाऱ्यांनी हाही विचार करावा असं मला वाटतं. मंडळ्यांचं दान भरपूर असू शकतं, टाकी भरलेली असू शकते. मध्ये कुठे जाळी तुंबली आहे का, कुठे चीर आहे का, हे मोजून पाहणारं कोणी हवं. नाहीतर आपण पाड्यावर काहीच पोचत नाही म्हणून आणखी दान मागत राहू, आणि ते त्याच चिरेतून जाईल.

शेवटी आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. दोन्ही गाड्यांसाठी मिळून एक व्हॅक्यूम गेज, पेट्रोलच्या दाबाचा एक गेज आणि पारदर्शक नळी विकत घ्यायची आहे. आताचा गेज एका ओळखीच्या मेकॅनिकने उसना दिला होता, तो परत केला. ही सगळी सामग्री मिळून एका नव्या इंजेक्टरपेक्षा कमी किमतीत येते. एखाद्या तरुण संघाने ती भेट म्हणून द्यावी.

दुसरी. प्रत्येक गाडीत एक जादा फिल्टर, हातभर होस, चार क्लॅम्प आणि पाने कायम असावेत. ड्रायव्हरदादांना रस्त्याकडेला फिल्टर बदलून एअर काढता येते, त्यांनी ते करून दाखवलं आहे. साहित्य मात्र गाडीत हवं.

तिसरी. पंपासाठी ज्यांनी आधीच पैसे बाजूला काढले आहेत, त्यांनी ते कमिटीला विचारल्याशिवाय दुसरीकडे वळवू नयेत. पैसा ज्या नावाने जमला ते काम आता उरलेलं नाही, म्हणून तो परत घ्यायचा की दुसऱ्या गरजेला द्यायचा, हा निर्णय देणाऱ्याचा आहे. खजिनदारसाहेब प्रत्येक मंडळीला पत्राने विचारणार आहेत. मला विचाराल तर वसतिगृहातल्या मुलांच्या सिकलसेल तपासणीला आणि औषधांना ते द्यावेत असं मी म्हणेन. पण तो माझा प्रांत नाही.

आणि प्रार्थना चालू ठेवा. गाडीसाठी ठेवा, त्याहून जास्त ड्रायव्हरदादांसाठी ठेवा. रात्री दोन वाजता पाड्यावरून निरोप आला की ते उठतात, आधी बरणी उजेडात धरतात, वहीत वेळ लिहितात, मग चावी फिरवतात. या पावसाळ्यात त्यांना पुष्कळदा उठावं लागेल.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वादित करो.